मिटवून घेऊ नका मॅडम, लिहून ठेवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून, जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. नाव-गाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून पत्रातला मुख्य भाग देते.

‘मी शिक्षणसेवक आहे, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली, २०२४ मध्ये रुजू झाले. माहेर सोलापूरकडचं. तालुक्याच्या ठिकाणी खोली करून राहते, काळीपिवळीने येणं-जाणं करते. सहावी, सातवी, आठवी हे तीन वर्ग आम्हा दोघांकडे आहेत आणि त्यातल्या सरांकडे बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम आहे. मागच्या आठवड्यात सर त्या कामावर होते. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत आठवीतल्या मुलाने पाचवीतल्या मुलाला ढकललं आणि डोक्यात दगड घातला. चार टाके पडले. मी मध्ये पडून त्याचा हात धरला तर त्याने माझा हात पिरगाळला. बांगड्या फुटून मनगट कापलं. “तुमाले जे करायचं ते करा, मले हात लावायचं काम नाही,” असं सगळ्या पोरांसमोर म्हणाला. मी हळद लावून रुमाल बांधला आणि पुढचा तास घेतला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील चार माणसं घेऊन आले. “माह्या पोराले काही केलं तर या गावात पाय ठेवू देणार नाही,” म्हणाले. मुख्याध्यापक म्हणतात, मिटवून घ्या, कागदावर काही आणू नका, तुमची तीन वर्षं अजून पूर्ण व्हायची आहेत. सर म्हणतात, तेव्हाच दोन कानाखाली द्यायच्या होत्या. कुणीतरी काढलेला व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरतो आहे. मला झोप लागत नाही. फळ्यावर लिहायला वर्गाकडे पाठ करायची भीती वाटते. पोलिसांत जाऊ का? बदली मागू? की नोकरीच सोडू?’

प्रिय ताई,

आधी तुमच्या मनगटाचं बोलू. आठवडा उलटला, आता काय दाखवायचं, असं म्हणू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, काचेचा कण आत राहिला नाही ना ते पाहून घ्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा आणि केसपेपर जपून ठेवा. शाळेत पोरांचं गुडघ्याचं खरचटलेलंसुद्धा आपण धुऊन पुसून पाहतो. स्वतःचं मात्र रुमालात बांधून तास घ्यायला उभ्या राहतो.

फळ्याकडे तोंड करायची भीती वाटते, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. समोर रक्त पाहिलेलं माणूस काही दिवस दचकतंच. झोपेची तक्रार दोन-तीन आठवड्यांपलीकडे गेली तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही लागतो. तोवर वर्गात बाजूला उभं राहून फळ्यावर लिहा, एखाद्या मुलीला लिहायला बोलवा. भीती गेल्यावर काम सुरू करायचं असं ठरवलंत तर दोन्ही राहून जाईल.

आता मुख्याध्यापकांच्या ‘मिटवून घ्या’बद्दल. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळांतच उमर काढली आहे. शाळेत काही झालं की वरून आधी येते ती कारणे दाखवा नोटीस, मदत त्यानंतर, तीही आली तर. त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या पातळीवर झाकायला शिकतो. पण या झाकण्यात तुमच्या शाळेतल्या कुणाचं भलं झालं, ते एकदा मोजून पाहा. पाचवीतल्या लेकराच्या डोक्याला टाके आहेत. उद्या मधल्या सुट्टीत तो कुठे उभा राहील, हे कुणी ठरवलं? आठवीतल्या पोराला कळलं की डोकं फोडलं तरी चार माणसं आणली की प्रकरण संपतं. तुम्हाला कळलं की तुमच्या रक्ताची नोंद होत नाही. आणि मुख्याध्यापकांची तरी सुटका कुठे झाली? व्हिडिओ गावभर आहे, शाळेच्या दप्तरात मात्र त्या दिवशी काही घडलंच नाही. उद्या कुणी तो व्हिडिओ साहेबांपुढे धरला, तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाईल की तुम्ही कळवलं का नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. लिहा. आजच लिहा. घटना घडून आठवडा झाला असला तरी लिहा, आणि उशीर का झाला तेही लिहा.

कसं लिहायचं तेही सांगते, कारण रागात लिहिलेला कागद आपल्यावरच उलटतो. ‘दिनांक अमुक. मधली सुट्टी. स्वयंपाकखोलीसमोर पोषण आहाराची रांग. इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्याने इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यास ढकलले व दगड मारला. डोक्यास जखम, आरोग्य केंद्रात नेले, चार टाके. विद्यार्थ्यास आवरताना त्याने माझा हात पिरगाळला, बांगड्या फुटून मनगटास जखम झाली. त्या वेळी सहावी ते आठवीसाठी हजर शिक्षक एक, दुसरे शिक्षक निवडणूक कामावर. हजर विद्यार्थी इतके.’ एवढंच. ‘गुंड प्रवृत्तीचा’, ‘वाया गेलेला’, ‘घरचे संस्कार नाहीत’ यातलं काही लिहू नका. दोन्ही मुलांची नावं सोबतच्या बंद पाकिटात द्या. आणि ‘हजर शिक्षक एक’ हे वाक्य कुणी कितीही म्हटलं तरी काढू देऊ नका. या कागदातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे.

हे पत्र मुख्याध्यापकांच्या नावे लिहा, शाळेच्या आवक रजिस्टरला चढवा, क्रमांक घ्या. त्यांनी घ्यायला नकार दिला तर भांडू नका. त्याची एक प्रत केंद्रप्रमुखांना आणि एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना पंचायत समितीच्या आवक टेबलावर देऊन शिक्क्याची पोच घ्या. स्पीड पोस्टाने पाठवली तरी चालते.

तीन वर्षांची जी भीती तुम्हाला घातली जाते आहे, ती मला समजते. शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पासून सोळा हजार झालं, त्याआधी ते सहा हजार होतं. सोळा हजारांत खोलीभाडं, काळीपिवळी आणि घरी पाठवायचे पैसे बसवणाऱ्या मुलीला ‘तुझं कायम व्हायचं आहे’ असं म्हटलं की ती गप्प बसते, हे म्हणणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. पण घडलेली गोष्ट वेळेत कळवणं हे तुमचं काम आहे, तो तुमच्या सेवेवरचा डाग नाही. डाग लागायचा तर तो लपवल्याचा लागतो. किंवा हात उचलल्याचा.

आणि इथे तुमच्या सरांच्या सल्ल्याला मला जोरात नाही म्हणायचं आहे. त्या क्षणी हात शिवशिवला असेल, मनगटातून रक्त येत असताना कुणाचाही शिवशिवेल. तुम्ही उचलला नाही, हे फार मोठं काम केलंत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, आणि मनाई मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. त्या दोन कानाखाली बसल्या असत्या तर आज गावच्या ग्रुपवर फिरणारा व्हिडिओ वेगळा असता आणि चार टाक्यांबद्दल कुणी बोललंही नसतं. कायदा बाजूला ठेवा. या पोराला मार नवा आहे का? बापाने चार माणसं आणून ज्या भाषेत तुमच्याशी बोलणं केलं, त्या भाषेत घरी काय चालत असेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असणार. त्या घरात फटके कमी पडले म्हणून तो असा झालेला नाही.

‘दाखला हातात द्या त्याच्या’ असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. तेही करता येत नाही. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये त्या कलमात बदल झाला, पाचवी आणि आठवीला परीक्षेत पुन्हा अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि आपल्या राज्याने ती घेतली. पण काढून टाकण्याची मनाई तशीच आहे, आणि ती राहावी असंच मला वाटतं. आठवीतून बाहेर पडलेलं पोरगं नववीला दुसऱ्या गावच्या शाळेत आपण होऊन जाईल, अशी आशा मी तरी ठेवत नाही.

पोलिसांबद्दल तुम्ही विचारलंत. इथे मुलगा आणि बाप वेगळे धरा.

मुलगा तेरा-चौदा वर्षांचा आहे. त्याला २०१५ चा बाल न्याय कायदा लागतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, अशा मुलाशी त्यानेच बोलायचं असतं. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत कुणी मोठं माणूस नसेल तर मुलावर एफआयआर होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. म्हणजे तुम्हाला वाटतं तसं ‘पोराचं आयुष्य बरबाद’ होत नाही, आणि गावकऱ्यांना वाटतं तसं ‘आत टाकलं, सुटलो’ असंही होत नाही. माझं मत विचाराल तर त्याच्यासाठी पहिली पायरी ठाणं नको. गटशिक्षणाधिकारी, शाळा व्यवस्थापन समिती आणि १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन इथून सुरुवात करा. पण पाचवीतल्या मुलाच्या आई-बापांना तक्रार द्यायची असेल तर त्यांना कुणीही अडवायचं नाही, तुम्हीही नाही. तो त्यांचा हक्क आहे. आणि पुन्हा असं घडलं, हातात काही हत्यार दिसलं, तर मग थांबू नका.

बापाचं तसं नाही. तो मोठा माणूस आहे. चार माणसं घेऊन शाळेत येऊन ‘गावात पाय ठेवू देणार नाही’ म्हणणं ही धमकी आहे. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१ आहे, आणि लोकसेवकाला कामापासून रोखण्यासाठी अंगावर जाणं, बळ वापरणं यासाठी कलम १३२. हे लगेच लावायलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी कोण आलं, काय म्हणालं, समोर कोण होतं, हेही त्याच कागदात लिहा. पुन्हा जमाव आला तर ११२ लावा. मुख्याध्यापकांच्या खोलीत एकट्या त्या माणसांसमोर बसू नका.

व्हिडिओचं लगेच करा. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ चौकशीत आलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, मग तो मारणारा असो की मार खाणारा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. ग्रुपच्या अॅडमिनला मुख्याध्यापकांनी किंवा सरपंचांनी एवढं सांगितलं तरी तो काढला जाईल. तुमच्याकडे एक प्रत असू द्या, चौकशीला लागेल. ती कुणालाही पाठवू नका, माहेरीसुद्धा.

आता त्या पोराबद्दल बोलू. सही करून झाल्यावर खाली तुम्ही तीन-चार ओळी घाईत लिहिल्या आहेत. माझ्या मते खरं पत्र तिथेच आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत तो दोन-अडीच महिने शाळेत फिरकत नाही, असं तुम्ही लिहिता. वाचन तिसरीच्या पुस्तकावर अडलं आहे. तोंडात कायम तंबाखूचा खर्रा असतो. आणि त्या दिवशी सकाळी मराठीच्या तासाला तुम्ही त्याला धडा मोठ्याने वाचायला उभं केलंत, तो अडखळला, वर्ग हसला. मधल्या सुट्टीत रांगेत पाचवीतला मुलगा म्हणाला, ‘याले वाचताच नाही येत.’ मग दगड.

तुम्ही वाचायला लावलंत यात तुमचं काही चुकलं नाही, मराठीच्या तासाला वाचायलाच लावायचं असतं. पण दगड कुठून आला ते आता तुम्हाला ठाऊक आहे. ओठावर मिसरूड फुटू लागलेला पोरगा, आपल्या खांद्याएवढ्या पोरांसमोर, ‘सूर्योदय’ हा शब्द जुळवायला धडपडतो आणि मागून हसू येतं. घरी तो कमावता आहे, मजुरी आईच्या हातात देतो. शाळेत मात्र पाचवीतलं लेकरूही त्याच्यापुढे. मी त्याच्या दगडाचं समर्थन करत नाही. पण वाचनाकडे न बघता नुसत्या शिस्तीच्या मागे लागलात, तर पुढचा दगड टळणार नाही.

त्याला इथून पुढे वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. शाळा भरायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं, व्हरांड्यात, इतर पोरं मैदानावर दिसतील अशा उघड्या जागी त्याला बसवा. पुस्तक आठवीचं नको, आणि तिसरीचंही नको. तिसरीचं पुस्तक हातात दिसलं की तो पळेल. त्याला जे वाचायची गरज पडते ते घ्या. कापसाची काटापट्टी असते ना, तिच्यावर वजन, भाव, कट्टी, हातात पडलेली रक्कम असं सगळं असतं. बापाची काटापट्टी घेऊन ये म्हणा. भाव किती, वजन किती, कापले किती, हे त्याला स्वतः वाचता आलं पाहिजे. जिनिंगवर फसगत होऊ नये एवढं वाचायला त्याला नक्की शिकायचं असेल. तिथून बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर, फवारणीच्या औषधावरची सूचना, मग एसटीचं वेळापत्रक, मग गावकऱ्यांच्या हातातला पेपर. यात तुमचे महिने जातील. बऱ्याच दिवशी तो येणारही नाही.

एकदा त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, नेमका त्या दिवशी तो शेतात असणार. ग्रामीण रुग्णालयात विचारलं तर पथकाचा फेरा कळतो. फळा न दिसणारी, धड ऐकू न येणारी पोरं मागच्या बाकावर ‘उनाड’ म्हणून वर्षानुवर्षं बसलेली मी पाहिली आहेत.

खर्ऱ्याचं आपल्या भागात कुणाला काही वाटेनासं झालं आहे, याचा मला फार त्रास होतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटून घोटून केलेला तो गोळा पाचवी-सहावीपासून गालात. सकाळची पन्नी मधल्या सुट्टीपर्यंत संपते, तलफ चढते आणि पोरगं कशावरही भडकतं. तुमच्या खिचडीच्या रांगेची वेळ नेमकी ती आहे. पोराला बोलण्याआधी टपरीवाल्याला गाठा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे तुम्ही एकटीने सांगायला जाऊ नका. व्यवस्थापन समितीचा ठराव करून सरपंच आणि पोलीस पाटलांमार्फत सांगा.

या समितीचा उपयोग आपण फार कमी करतो. कायद्याप्रमाणे तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पण सह्या घरोघर फिरून होतात आणि बैठक कागदावरच होते. या वेळी खरी बैठक बोलवायला लावा. पाचवीतल्या मुलाचे आई-वडील, या मुलाची आई आणि वडील, सगळे समोर. मी ‘आई’ मुद्दाम आधी म्हटलं. वेचणीवरून ती संध्याकाळी घरी येते, म्हणून बैठक संध्याकाळची ठेवा. त्याआधी अंगणवाडीच्या ताईंना किंवा आशाताईंना सोबत घेऊन तिच्या घरी जाऊन या. तुम्ही सोलापूरकडच्या, तुमची बोली वेगळी, गाव तुम्हाला अजून पाहुणी समजत असेल. आशाताईने ‘मॅडम भांडाले नाही आल्या वो, बोलाले आल्या’ एवढं म्हटलं तरी दार उघडतं. बैठकीत काय ठरलं त्याचं इतिवृत्त तिथेच लिहा आणि वाचून दाखवून सह्या-अंगठे घ्या. मुलाकडून सगळ्यांसमोर माफी वदवून घ्यायचा आग्रह कुणी धरेल, तो मोडून काढा. वर्ग त्याच्यावर एकदा हसला होता, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. माफी मागायची ती त्याने पाचवीतल्या मुलाच्या घरी जाऊन, मोठ्यांसोबत.

आणि आता तुमच्या कामाच्या परिस्थितीवर येते. तुम्ही तिच्याबद्दल तक्रारीच्या सुरात एक शब्द लिहिलेला नाही, पण सगळं त्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्गाला किमान एक शिक्षक म्हटलं आहे, आणि पस्तीस मुलांमागे एक. तुमच्याकडे तीन वर्गांना दोन, आणि त्या दिवशी एक. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांशिवाय दुसरी अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येत नाहीत. निवडणुकीचं काम त्यात बसतं, त्यामुळे सरांना ते नाकारता येणार नाही. पण ते त्या कामावर असताना तीन वर्गांची, शंभरेक पोरांच्या रांगेची आणि पोषण आहाराची ऑनलाइन माहिती भरण्याची जबाबदारी एका बाईवर पडते, हे कुणीतरी कागदावर मांडायला नको का? १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याच्या, निर्णयावरून शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यावर्षी सप्टेंबरमध्ये राज्यभर सामूहिक रजेचं आंदोलन झालं. तेव्हा बाहेर बऱ्याच लोकांनी म्हटलं, यांना पगार पाहिजे, काम नको. शिक्षक कमी पडले की काय होतं, ते त्या लोकांनी तुमच्या मैदानावर येऊन पाहावं. पोर एकटं पडतं, दगड कुणाला दिसत नाही, दिसला तरी धावायला एकच बाई असते.

म्हणून घटनेच्या पत्राला दुसरं पत्र जोडा. त्यात मागण्या लिहा. सरांच्या बीएलओ कामाच्या दिवशी केंद्रातून एक शिक्षक तात्पुरता मिळावा. तिसरं पद मंजूर आहे का, असेल तर रिक्त का, याचं लेखी उत्तर मिळावं. मधल्या सुट्टीत मैदानावर कोण आणि रांगेजवळ कोण, हे पाळीपाळीने ठरवणारा तक्ता शाळेत लागावा, त्यात मुख्याध्यापकांचंही नाव असावं. शेवटची गोष्ट वरून कुणी द्यायची वाट पाहू नका. पहिली ते पाचवी आधी जेवतील, मोठी मुलं नंतर, हे उद्यापासून करता येतं. पाचवीतलं लेकरू आठवीच्या पोराच्या पुढे-मागे एका रांगेत उभंच राहायला नको. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असायला हवी. तुमच्याकडे आहे का आणि पेटी कोण कधी उघडतं, तेही विचारा. मोठ्या पोरांबद्दल कुणाकडे बोलायचं, हे लहान मुलांना कधीच कळत नाही.

बदलीचं विचाराल तर मागा, पण या आठवड्यात ठरवू नका. ऑनलाइन बदल्यांचं वेळापत्रक आणि संवर्गांच्या अटी तशाही तुमच्या हातात नाहीत. बदली मागणं म्हणजे पळून जाणं, असं तुम्हाला कुणी म्हणेल, त्याकडे लक्ष देऊ नका. माहेरापासून इतक्या लांब, एकटीने, गावातल्या माणसांची धमकी ऐकून जी मुलगी दुसऱ्या दिवशी काळीपिवळीत बसून शाळेत जाते, तिला पळपुटी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. नोकरी सोडण्याचं मात्र मनातून काढा. अभियोग्यता परीक्षा देऊन, पोर्टलवर वर्षानुवर्षं डोळे लावून मिळवलेली ही जागा एका बापाच्या दमदाटीने जाऊ देऊ नका. बैठक होऊ द्या, कागद वर जाऊ द्या. तीन महिन्यांनीही झोप लागत नसेल, गावात धोका वाटत असेल, तर वैद्यकीय कागद आणि हा सगळा पत्रव्यवहार जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जवळच्या शाळेत तात्पुरती व्यवस्था मागा. तेव्हा तुमच्या हातात पुरावा असेल.

सोमवारी तो वर्गात आला तर काय बोलू, असं तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगते. हजेरीआधी त्याला व्हरांड्यात बोलवा, समोरासमोर उभ्या न राहता बाजूला उभ्या राहा. तू दगड मारलास, त्याची मी नोंद केली आहे, त्यात काय लिहिलं आहे ते तुला वाचून दाखवते, असं म्हणा आणि खरंच वाचून दाखवा. त्याला ते स्वतः वाचता येणार नाही, आणि आपल्याबद्दल कागदावर काय लिहिलं असेल ही धास्ती त्याला असणारच. ‘गुंड’ हा शब्द त्यात नाही, हे त्याला ऐकू द्या. चुकीचं काही लिहिलं असेल तर सांग, म्हणा. तो काही बोलला तर तेही त्याच्या शब्दांत खाली लिहून घ्या. न बोलता निघून गेला तर जाऊ द्या.

आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून पंधरा दिवसांत काहीच हालचाल दिसली नाही, तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना जिल्हा परिषदेत स्मरणपत्र द्या, पहिल्या पत्राची शिक्का मारलेली पोच सोबत जोडा. एक झेरॉक्स मलाही पाठवा.